कमरेचे पिस्तूल आणि जमिनीवरची झटापट



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर छापून आला तेव्हापासून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात आहे. संपाच्या दिवसांत कारखान्याच्या फाटकाशी पोलिसांच्या समोर उभा राहणारा मनुष्य पोलिसांच्या पिस्तुलावर काय म्हणून बोलणार? माझे उत्तर सरळ आहे. फाटकाच्या एका बाजूला आम्ही असतो आणि दुसऱ्या बाजूला तो असतो, पण पगारपत्रकावर सही दोघेही करतो. तोही पाळीवर येतो, त्यालाही वरिष्ठाचा हुकूम मानावा लागतो, आणि त्याच्याही हाती कामाचे एक हत्यार दिलेले असते. आमचा लेथ कोणी उचलून आमच्या अंगावर घालीत नाही. त्याच्या कमरेचे पिस्तूल मात्र दुसऱ्याच्या हाती गेले की तत्क्षणी त्याच्यावरच उलटते. मग ते त्याच्या हातचे जाऊ नये यासाठी त्याला काय शिकविले जाते, कोण शिकवितो, किती तास शिकवितो आणि त्या तासांचा पगार मिळतो की नाही, हे प्रश्न मला माझ्या धंद्यातलेच वाटतात.

ही हकिगत मुख्यतः अमेरिकेची आहे, कारण तेथे गस्तीवरचा प्रत्येक शिपाई दिवसरात्र पिस्तूल बाळगतो. तेथले उस्ताद नव्या शिपायाला एक साधा हिशेब समजावून देतात. तू ज्या ज्या मारामारीत शिरशील त्या प्रत्येक मारामारीत निदान एक पिस्तूल असणारच, कारण ते तू स्वतः कमरेला लावून नेलेले आहेस. नवराबायकोचे भांडण सोडवायला गेलास, दारुड्याला उठवायला गेलास, घरात दुसरे कसलेही शस्त्र नाही, तरी पिस्तूल आहेच. तेथील एफ. बी. आय. ही संस्था कामावर मारल्या गेलेल्या पोलिसांच्या नोंदी दर वर्षी प्रसिद्ध करते आणि स्वतःच्याच शस्त्राने किती मारले गेले याची त्यांत वेगळी मोजदाद असते. अपघातांची रजिस्टरे वाचण्याची मला जुनी सवय आहे. एखाद्या कारणाला स्वतंत्र रकाना द्यावा लागतो, तेव्हा ते कारण पुन्हा पुन्हा घडलेले असते.

आता मी तुम्हाला एक जुनी घटना सांगतो, कारण सगळा विषय तिच्यात सापडतो. ९ मार्च १९६३ ची रात्र. लॉस एंजेलिस शहराच्या हॉलिवूड भागात इयन कॅम्बेल आणि कार्ल हेटिंगर हे दोघे पोलिस साध्या वेशात गस्त घालीत होते. संशय आला म्हणून त्यांनी एक मोटार अडविली. मोटारीत ग्रेगरी पॉवेल आणि जिमी स्मिथ हे दोन लुटारू होते. पॉवेलने उतरता उतरता पिस्तूल काढून कॅम्बेलवर रोखले. कॅम्बेलने आपल्या जोडीदाराला पिस्तूल देऊन टाकण्यास सांगितले. हेटिंगरपुढे दोनच वाटा होत्या. गोळी झाडावी तर समोर मित्र उभा, न झाडावी तर हत्यार शत्रूच्या हाती. त्याने पिस्तूल दिले. दोघा पोलिसांना मोटारीत घालून लुटारूंनी उत्तरेकडे बेकर्सफील्डजवळच्या एका कांद्याच्या शेतात नेले. अपहरण केले म्हणजे आता फाशीच, असा पॉवेलचा समज होता. कायदा तसा नव्हता. पण त्याने समजावर भरवसा ठेवून कॅम्बेलला गोळी घातली. हेटिंगर अंधारात शेतांतून मैलोगणती पळत एका वस्तीपर्यंत पोचला म्हणून वाचला. दोघेही गुन्हेगार लवकरच पकडले गेले आणि त्यांचे खटले वर्षानुवर्षे चालले.

परंतु मला सांगावयाचे आहे ते पुढचे. पोलिस खात्याने काय केले? खात्याने फतवा काढला की, काहीही झाले तरी पोलिसाने आपले शस्त्र हातचे देता कामा नये. आणि हेटिंगरला निरनिराळ्या चौक्यांवर हजेरीच्या वेळी उभे करून, त्या रात्री काय घडले ते सहकाऱ्यांपुढे सांगावयास लावले. ज्याचा जोडीदार डोळ्यांदेखत मारला गेला, त्यालाच चुकीचा नमुना म्हणून दाखविण्यात आले. पुढे हा प्रामाणिक माणूस दुकानांतून किरकोळ वस्तू उचलू लागला, पकडला गेला, आणि १९६६ साली त्याला नोकरी सोडावी लागली. मग तो माळीकाम करू लागला. जोसेफ वॉम्बॉ हा लेखक स्वतः त्याच खात्यात पोलिस होता; त्याने १९७३ साली या प्रकरणावर पुस्तक लिहिले तेव्हा लोकांना हेटिंगरची बाजू कळली. त्याच बेकर्सफील्डच्या परिसरात १९८७ साली त्याची जिल्ह्याच्या कारभारी मंडळावर नेमणूक झाली, ही एवढीच त्याच्या कथेतली समाधानाची गोष्ट. १९९४ साली तो वारला.

सभ्य गृहस्थहो, हा फतवा मला परिचयाचा वाटतो. एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली एका पोराची तीन बोटे गेली. दुसऱ्या दिवशी खात्यात पाटी लागली, कामगारांनी सावधगिरीने काम करावे! प्रेसला जाळी नव्हती, पेडल सैल झाले होते, पोराला दोन दिवसांत प्रेसवर बसविले होते. त्याबद्दल पाटीवर अक्षर नव्हते. शस्त्र देऊ नये असे सांगणे सोपे आहे. कोणी ओढू लागला तर ते कसे राखावे, हे शिकविण्याला माणसे लागतात, वेळ लागतो, पैसा लागतो.

हे शिकविण्याचे काम मनावर घेतले ते मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी. तेथे जिम लिंडेल नावाचे गृहस्थ पोलिसांच्या व्यायामशिक्षणाचे प्रमुख होते. १९७० च्या दशकात त्यांनी पिस्तूल राखण्याची एक पद्धत बसविली आणि ती पुढे देशभर पसरली. तिचा गाभा इतका सोपा आहे की ऐकून वाटावे, यात शिकण्यासारखे काय? कोणी तुमच्या पिस्तुलाला हात घातला की पहिले काम म्हणजे तो हात जेथे आहे तेथेच दाबून धरावयाचा आणि पिस्तूल खाली, होल्स्टरमध्ये घट्ट रेटावयाचे. आपल्या मनाची धाव याच्या उलट असते. मनुष्य घाबरून मागे सरतो किंवा हात झटकावयास पाहतो, आणि त्या ओढाताणीत पिस्तूल आपणच बाहेर काढून देतो. दुसरे काम पवित्रा बदलण्याचे, म्हणजे कंबर अशी वळवावयाची की ओढणाऱ्याचा हात त्याच्या खांद्याच्या रेषेतून निघून दुबळा व्हावा. आणि तिसरे काम सुटका करून घेण्याचे. जोर नव्हे, तरफ. १९७२ च्या कायद्यानंतर तेथे स्त्रिया गस्तीवर येऊ लागल्या होत्या, आणि सहा फुटी धटिंगणाशी मनगटाच्या जोराने सामना करा असे त्यांना सांगून भागणार नव्हते. दुबळ्याला साधेल अशी रीत शोधली की ती बळकटालाही उपयोगी पडते. कारखान्यातले ओझे उचलण्याचे घोडे, कप्पी आणि पहार यांचा इतिहास हाच आहे.

दुसरी सुधारणा म्यानाची. पूर्वीच्या चामडी होल्स्टरला वर एक बटणाचा पट्टा असे, आणि तो मागून कोणीही अंगठ्याने उडवू शके. बिल रॉजर्स या एफ. बी. आय.च्या माजी अधिकाऱ्याने असे होल्स्टर बनविले की ठराविक क्रमाने अंगठा दाबल्याशिवाय व पिस्तूल ठराविक दिशेने हलविल्याशिवाय ते निघतच नाही. त्याची कसोटीही त्याने ठरविली. होल्स्टर कमरेला बांधून दुसऱ्याने पाच सेकंद सर्व बाजूंनी ओढून पाहावयाचे. तेवढ्यात निघाले नाही तर एक पायरी उत्तीर्ण, आणि अशा चढत्या पायऱ्या. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात एकविसावे कलम होते. फिरत्या यंत्राला कुंपण घालावे असे ते सांगत असे. हे होल्स्टर म्हणजे पिस्तुलाला घातलेले कुंपणच होय.

पण कुंपणाची एक गोम आम्हा कामगारांना ठाऊक आहे. प्रेसची जाळी कामगार स्वतः काढून ठेवतो, कारण जाळीमुळे नग कमी निघतात आणि नगावर मजुरी असते. तसेच येथे. कुलूपबंद होल्स्टरमधून स्वतःलाही पिस्तूल लवकर काढता येत नाही अशी जुन्या शिपायांची तक्रार असे, आणि काही जण जुनेच होल्स्टर वापरीत. तो अंगठा न पाहता, अंधारात, धावताना आपोआप योग्य जागी पडण्यासाठी शेकडो वेळा तीच क्रिया करावी लागते. नवे होल्स्टर दिले आणि सराव दिला नाही, तर शिपाई एक तर ते उघडेच ठेवील किंवा ऐन वेळी त्याच्याशीच झगडत बसेल. होल्स्टर आणि सराव दोन्ही जेथे आले तेथे स्वतःच्याच पिस्तुलाने मरणाऱ्या पोलिसांचे प्रमाण घटले, आणि १९७० च्या दशकाशी ताडून पाहता ते आज पुष्कळच कमी आहे.

आतापर्यंत मी उभ्याने होणाऱ्या झोंबाझोंबीविषयी बोललो. खरी अडचण जमिनीवर येते. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आपल्या १९८८ च्या मारामारीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रसंग जमिनीवर जाऊन संपले असे आढळले. यावरून शंभरातली नव्वद भांडणे जमिनीवर जातात अशी एक आवई तिकडच्या आखाड्यांतून उठली, ती काही खरी नव्हे. शिवाय पोलिस स्वतःच माणसाला खाली पाडून बेड्या घालतो हेही त्यांत आलेच. तरीपण निम्म्याहून अधिक हे थोडे झाले काय?

तुमच्यातल्या तालमीत गेलेल्या मंडळींना हे पटकन कळेल. आपल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल झाला. म्हणून खाली गेलेला पैलवान पालथा होतो, छाती मातीला चिकटवितो आणि वरच्याला कलाजंग, मोळी, घिस्सा यांपैकी काही करू देत नाही. पालथे पडणे हा आपल्याकडे बचाव आहे. आता त्या पालथ्या पैलवानाच्या उजव्या कमरेवर भरलेले पिस्तूल लावा! वर बसलेल्याच्या हाताशी ते आयते आले, आणि खालच्याला मागे काय चालले आहे ते दिसतही नाही. उजव्या कुशीवर पडला तर पिस्तूल अंगाखाली सुरक्षित राहते, पण उजवा हातही अडकतो. उताणा पडला आणि समोरचा छातीवर बसला, तर पिस्तूल त्याच्या गुडघ्यापाशी येते. कुस्तीत ज्याला बचाव म्हणतात तो येथे घात ठरतो, आणि ज्याला हार म्हणतात, म्हणजे पाठीवर असणे, त्या अवस्थेत निदान हातपाय मोकळे राहतात आणि समोरच्याचे दोन्ही हात दिसतात.

याच जागी ब्राझीलची जुजुत्सू विद्या उपयोगी पडली. मूळ जपानचे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्यूडोची शाळा काढली. त्यांच्या परंपरेतला मायेदा नावाचा मल्ल ब्राझीलला जाऊन राहिला, आणि ग्रेसी घराण्याने त्याच्याकडून ती विद्या घेऊन पाठीवर पडून लढण्याचे शास्त्र वाढविले. १९९३ साली डेन्व्हर शहरातल्या सामन्यांत त्या घराण्यातल्या रॉइस ग्रेसीने आपल्याहून वजनदार मल्लांना हरविले, आणि अमेरिकेतल्या पोलिसांचे लक्ष तिकडे गेले. मात्र आखाड्यातली विद्या जशीच्या तशी चालत नाही. आखाड्यात कमरेला शस्त्र नसते, पंच असतो, एकावर एकच असतो. पोलिसाला शिकावे लागते ते असे की एक हात सदैव पिस्तुलावर दाबलेला, कोपर बरगडीला आवळलेले, पिस्तुलाची बाजू समोरच्यापासून दूर वळविलेली, दुसऱ्या हाताने आणि पायांनी त्याला लांब ठेवावयाचे, आणि पहिली संधी मिळताच उठून उभे राहावयाचे. खालीच राहून जिंकण्याचा मोह धरावयाचा नाही. जोडीदार येईपर्यंत हत्यार राखले, एवढ्यावर काम फत्ते. सराव निळ्या किंवा लाल रंगाच्या नकली पिस्तुलांवर करतात, आणि शिकवण्याच्या खोलीत खरी गोळी येऊ द्यावयाची नाही हा पहिला नियम असतो. तो मोडल्यामुळे सरावातच माणसे मेली आहेत.

आता कोणी म्हणेल, हे सारे पोलिसाच्या जिवाविषयी झाले. त्याच्या खाली सापडलेल्या माणसाचे काय? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण माझे लोक बहुधा खालीच सापडतात.

१ जानेवारी २००९ च्या पहाटे ओकलंड येथील फ्रूटव्हेल स्थानकात ऑस्कर ग्रँट नावाच्या काळ्या तरुणाला पोलिसांनी फलाटावर पालथे पाडले होते. योहानेस मेसर्ली या पोलिसाने त्याच्या पाठीत गोळी घातली. आपण विजेचा झटका देणारे टेझर काढीत होतो, हाती पिस्तूल आले, असे त्याने न्यायालयात सांगितले. २०१० मध्ये तो सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला. १२ जून २०२० रोजी अटलांटा शहरात रेशार्ड ब्रुक्सला बेड्या घालताना दोन पोलिस आणि तो असे तिघेही जमिनीवर लोळले. ब्रुक्सने एकाचे टेझर हिसकावले, पळता पळता मागे वळून ते झाडले, आणि पोलिसाने त्याला पाठीमागून गोळ्या घातल्या. तो मेला. पोलिसावरचे आरोप २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. कायद्याने जे ठरविले ते ठरविले. मी एवढेच विचारतो की दोन पगारी, शस्त्रधारी पोलिसांना एका माणसाचे दोन हात जमिनीवर धरून ठेवता का आले नाहीत? ज्याला हात धरता येत नाहीत त्याला भीती धरते, आणि घाबरलेल्या माणसाला प्रत्येक हालचाल आपल्या पिस्तुलाकडेच येत आहे असे दिसते. प्रशिक्षणात नुसती मेलेल्या पोलिसांची चित्रे दाखविली आणि हातांना काही शिकविले नाही, तर ती भीती दुप्पट होते. पिस्तूल होल्स्टरमध्ये राखता येईल अशी ज्याची खात्री आहे, त्याला ते बाहेर काढण्याची घाई नसते.

याचीही दुसरी बाजू आहेच. जमिनीवर दाबून धरण्याची विद्या हाती आली म्हणजे दाबतच राहावे असे नव्हे. पालथ्या माणसाच्या पाठीवर भार राहिला तर तो गुदमरतो, बेड्या पडताच त्याला पोटावरून उठवावे, अशी सूचना अमेरिकेच्या न्यायखात्याच्या पत्रकात १९९५ सालीच छापली होती. २५ मे २०२० रोजी मिनीआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा ठेवला गेला, तेव्हा त्या सूचनेला पंचवीस वर्षे झाली होती आणि फ्लॉइडच्या हातांत बेड्या होत्या. तेथे पिस्तूल राखण्याचा काहीच प्रश्न नव्हता. म्हणून जो शिक्षक पिस्तूल राखावयास शिकवितो त्यानेच, त्याच तासाला, माणसाला कुशीवर वळविण्यासही शिकविले पाहिजे. ही दोन खाती वेगळी ठेवली की एक खाते विसरले जाते.

मग तासांचा प्रश्न येतो. अमेरिकेत सुमारे अठरा हजार पोलिस खाती आहेत, आणि त्यांतली बहुतेक लहान लहान गावांची. भरतीच्या वेळी काही तास झोंबी शिकवितात. मग वर्षाकाठी एखादा दिवस उजळणी, आणि पुष्कळ ठिकाणी तीही नाही. ज्याला हौस आहे तो स्वखर्चाने, सुटीच्या दिवशी तालमीत जातो. पैलवानाला महिनाभर खाडा पडला तर काय होते ते वस्तादांना विचारा! अटलांटाजवळच मॅरिएटा नावाचे गाव आहे. तेथील पोलिस खात्याने २०१९ पासून नव्या भरतीच्या शिपायांना जुजुत्सूचा वर्ग सक्तीचा केला, त्याचे पैसे खात्याने भरले, आणि नंतर जुन्या शिपायांनाही तो खुला केला. खात्याच्या म्हणण्याप्रमाणे पोलिसांना होणाऱ्या इजा जवळजवळ निम्म्यावर आल्या, पकडलेल्या लोकांच्या इजाही कमी झाल्या आणि टेझरचा वापर घटला. मालकाने स्वतःच काढलेले आकडे आहेत, तेव्हा ते हातचे राखूनच घ्यावेत. आम्हाला तशी सवय आहे. पण इजेच्या भरपाईचा खर्च वर्गाच्या खर्चाशी ताडून पाहण्याची त्यांची रीत मला आवडली. सुरक्षिततेची मागणी घेऊन आम्ही व्यवस्थापकापुढे बसतो तेव्हा आम्हीही हाच कागद पुढे सरकवितो.

आपल्याकडे बहुतेक शिपाई काठीवर काम करतात, त्यामुळे हा विषय लांबचा वाटतो. पण काश्मिरात किंवा नक्षलवादी भागात पहाऱ्यावरच्या जवानाची बंदूक साखळीने कमरेला बांधलेली दिसते, ती हिसकावली जाऊ नये म्हणूनच. बंदूक राहते हे खरे. जवानालाही मग तिला सोडून बाजूला होता येत नाही. आणि २००८ च्या नोव्हेंबरात गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात नुसती काठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेत ती सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्या हातांना तसे करण्याचे शिक्षण कोणी दिले होते असे मला वाटत नाही, आणि पुढच्या शिपायाकडून आपण तेच अपेक्षावे हे मला मान्य नाही.

ही मागणी मांडावयाची कोणी? अमेरिकेतील पोलिसांच्या युनियन बळकट आहेत, आणि त्यांनी ते बळ पुष्कळदा शिक्षेतून सुटण्याकरिता वापरले आहे, शिक्षणाचे तास मागण्याकरिता कमी. आपल्याकडे १९६६ च्या कायद्याने पोलिसाला परवानगीवाचून युनियनमध्ये जाता येत नाही. मुंबईत १९८२ च्या ऑगस्टात पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली गेली, शिपाई रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावे लागले. गिरण्यांचा संप तेव्हा चालूच होता. तेव्हापासून शिपायाचे गाऱ्हाणे अर्जाने वर जाते आणि अर्जानेच परत येते. सरावाचे तास पाळीच्या वेळेत धरावेत, होल्स्टर वा साखळी निवडताना ती वापरणाऱ्याला विचारावे, झटापटीत हत्यार गेलेल्या शिपायाला हजेरीपुढे उभे करण्याआधी त्याला किती तास शिकविले होते याचे रजिस्टर मागवावे, एवढे तीन मुद्दे मी माझ्या परीने लिहून काढले आहेत. आपल्या नगरातले निवृत्त पोलिस अधिकारी आज सभेला आले आहेत असे मला चालकांनी सांगितले. माझे काही चुकत असेल तर त्यांनी अवश्य बोलावे. मी खाली बसून ऐकतो.